ओठांवरचा किलोग्रॅम

सुकदेव आप्पांना ऐकू येत नाही, हे सुरतेतल्या लिंबायतच्या त्या गल्लीत शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. पण म्हणून त्यांच्यासमोर तोंड मोकळं सोडायची कुणाची टाप नव्हती. समोरच्या ओट्यावर पुष्पाबाई कुणाच्या तरी सुनेबद्दल कुजबुजायला लागली की आप्पा इकडून खणखणीत आवाजात म्हणायचे, "पुष्पाबाई, पदर घ्या तोंडावर, सगळं दिसतंय." बाई जीभ चावायची आणि खरंच पदर ओढून घ्यायची.

ही विद्या त्यांना कुठल्या शाळेत मिळाली नव्हती. ती मिळाली खात्यात. सुरतेत यंत्रमागाच्या कारखान्याला खातं म्हणतात, आणि एका छपराखाली अठ्ठेचाळीस माग खडखडू लागले की शेजारच्यानं कानात तोंड घालून बोंब मारली तरी काही कळत नाही. मग माणसं ओरडण्याचा नाद सोडतात. आवाज न काढता ओठ मोठे मोठे हलवून बोलतात आणि समोरचा ते वाचतो. पारोळ्याजवळच्या खेड्यातून एकोणिसाव्या वर्षी आलेला सुकदेव हे दोन महिन्यांत शिकला. चाळीस वर्षांनी खातं सुटलं तेव्हा कान तिथंच राहिले, ओठांची बोली तेवढी घरी आली. डॉक्टरनं दिलेलं कानाचं मशीन त्यांनी दोनदा लावून पाहिलं आणि डबीत ठेवून दिलं. त्यातून नुसता मागांचा खडखडाट मोठा होऊन येतो, आणि तो मला तसाही येतो, असं त्यांचं म्हणणं.

शोभाबाई त्याच खात्यात बॉबिनवर सूत भरायला होती. लग्न होऊन आली तेव्हा घरात सासू, दीर, दोन नणंदा आणि एकच खोली. नवऱ्याशी बोलायचं कुठं? खात्यात. तीस फुटांवरून, पन्नास माणसांच्या देखत ती सुकदेवशी जे बोलली, ते पुढं स्वतःची खोली झाल्यावरही कधी मोठ्यानं बोलली नाही. मुकादमाला वाटायचं बाई जांभया देते आहे. आप्पा आजही तो मुकादम आठवून एकटेच हसायचे, आणि हसता हसता त्यांना भरून यायचं.

आणि व्याख्यांची गोष्ट तर सांगायलाच हवी, कारण सगळं पुढं त्याच्यावरच येऊन अडलं.

सुकदेव अकरावी सायन्सला चार महिने बसला होता. वडील गेले, कॉलेज सुटलं, पण पदार्थविज्ञानाचं पुस्तक त्यानं सुरतेला बरोबर आणलं. लेक सोनाली शाळेत जायला लागली तेव्हा दुपारी ती डबा घेऊन खात्यात यायची आणि बाप मागावर उभ्या उभ्या तिची परीक्षा घ्यायचा. म्हणजे खरं तर ती त्याची घ्यायची. ती पुस्तकातली व्याख्या आवाज न काढता म्हणायची आणि आप्पा ती ओठांवरून वाचून परत म्हणून दाखवायचे. व्याख्याच का? तर साधं बोलणं माणूस अर्धं अंदाजानं ओळखतो. दुपारी बाराला कुणी ओठ हलवले तर तो जेवण झालं का एवढंच विचारणार. व्याख्येत अंदाज चालत नाही, शब्दाला शब्द लागतो.

त्यातली सगळ्यात अवघड होती किलोग्रॅमची. पॅरिसजवळच्या आंतरराष्ट्रीय वजनमापे कार्यालयात जतन केलेल्या प्लॅटिनम-इरिडियम मिश्रधातूच्या दंडगोलाचे वस्तुमान म्हणजे एक किलोग्रॅम. अवघड अशासाठी की प, ब आणि म ओठांवर अगदी सारखे दिसतात, आणि या वाक्यात त्यांची नुसती रेलचेल. ही व्याख्या ज्यानं वाचली त्यानं जगातलं काहीही वाचावं, असा आप्पांचा हिशेब. सोनालीलाही त्यांनी तशीच शिकवली. दहा वर्षांची पोर समोरच्याच्या ओठांवरून अख्खा दंडगोल उचलून आणायची.

लहानपणी तिनं एकदा विचारलं होतं, तो दंडगोल कुणी चोरला तर? आप्पांनी सांगितलं की तो तळघरात असतो, त्याच्यावर काचेच्या तीन हंड्या असतात आणि कुलपाला तीन किल्ल्या, तीन माणसांकडं. कोण चोरतो? तेवढ्यात शोभाबाईनं लांबून, बॉबिन भरता भरता ओठ हलवले: मग आपला भाजीवाला मापं तपासायला कधी जातो पॅरिसला? हसून हसून सोनालीचा डबा सांडला होता. त्या दिवशी तिघांनी एका ताटात खिचडी खाल्ली, खाली पडलेली वगळून.

शोभाबाई गेल्या दिवाळीनंतर गेली. जायच्या आधी चार महिने मायलेकींचं बोलणं नव्हतं. झालं होतं एवढंच, की शोभाबाईनं गावी जाऊन राहायचा धोशा लावला होता, आणि सोनाली, जी आता शहराच्या दुसऱ्या टोकाला कतारगामला राहायची आणि मराठी शाळेत पहिली-दुसरीला शिकवायची, चिडून म्हणाली की तिथं तुझं कोण बसलंय वाट बघत? शब्द लागला. शोभाबाईनं फोन उचलणं बंद केलं. लेक दारात आली की ही देवळात. चार दिवसांनी निवळेल, असं सगळेच म्हणत राहिले. मग एका सकाळी तिला श्वास घेता येईना. दवाखान्यात नेलं, नर्सनं पाण्याचा थेंब घालायला तोंडावरचा मास्क बाजूला केला, आणि शोभाबाईनं आवाज न काढता आप्पांकडं बघून ओठ हलवले. आवाज उरलाच नव्हता. जावई ललित शेजारी उभा होता, नर्स होती, कुणाला काही कळलं नाही. आप्पांना कळलं. सोनाली शाळेतून पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं.

तिनं आईच्या पायावर डोकं ठेवून जो आकांत केला, तो आप्पांना ऐकू आला नाही, पण दिसला. ते तिच्याजवळ बसले आणि आई जाताना जे बोलली ते तिला सांगितलं, घरातल्या अहिराणीतच: "सोनीले सांगज्यात, मी रुसेल नही."

मी रुसलेली नाही, या एका वाक्यावर सोनाली उभी राहिली. पण महिन्यानं, दोघंच असताना, तिनं विचारलंच. ती खरंच असं म्हणाली, की माझं समाधान व्हावं म्हणून तुम्ही सांगता? आप्पांना राग आला. ते म्हणाले, "मी कधी ओठांवर नसलेलं वाचलंय?" तिनं मान खाली घातली आणि विषय संपला.

नात वर्षा जूनमध्ये अकरावी सायन्सला गेली. पुस्तक गुजराती, बोलणं अर्धं गुजराती, पण आजोबांसमोर मराठी हा सोनालीनं घालून दिलेला नियम. एका रविवारी ती एकटीच आली, येताना खमण घेऊन आली, आणि स्वतःहून म्हणाली की आजोबा, आज मी तुमची परीक्षा घेते, आईची घ्यायचे तशी. किलोग्रॅमची व्याख्या. आप्पांना काय आनंद झाला म्हणून सांगू! त्यांनी खुर्ची ओढली, चष्मा धोतराच्या सोग्यानं पुसला आणि तयार होऊन बसले. ही व्याख्या त्यांना झोपेत उठवून विचारली असती तरी आली असती.

वर्षानं ओठ हलवले. आप्पांनी पॅरिसची वाट पाहिली, पॅरिस आलंच नाही. एका जागी ओठ मिटले तेव्हा त्यांना हायसं वाटलं, आता प्लॅटिनम येणार, पण ओठ भलतीकडंच गेले. मग तर त्यांना आकडे दिसायला लागले. सहा, पूर्णांक, परत सहा, दोन, परत सहा, शून्य. व्याख्येत शेवटचा एक सोडला तर आकडाच नाही! ओठ थांबले. नात बघत होती. त्यांनी सरळ आपली पाठ असलेली व्याख्या म्हणून टाकली, पॅरिस, प्लॅटिनम, दंडगोल, सगळी.

वर्षानं मान हलवली. चूक, असं तिच्या ओठांवर स्वच्छ आलं. तिनं पुन्हा सावकाश म्हटलं, पुन्हा तेच आकडे, आणि आप्पांनी पुन्हा तोच दंडगोल. मग पोरीनं मायेनं त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला, खमणची बशी पुढं केली आणि म्हणाली, राहू द्या आजोबा. ते राहू द्या त्यांना नीट वाचता आलं आणि तेच फार लागलं.

पॅरिसमधल्या दंडगोलाचं नाव तिनं जन्मात ऐकलं नव्हतं. तिला वाटलं आजोबांना ओठ कळेनासे झालेत आणि ते मनानंच काहीतरी रचून सांगतात. घरी जाऊन तिनं आईला तेवढंच सांगितलं: आजोबांना आता दिसत नाही नीट. सोनालीनं काय म्हणाले ते विचारलं असतं तर तिथंच निकाल लागला असता. पण ती रडत बसली.

इकडं आप्पांनी आधी दोष दिला डोक्याला. ट्रंक उघडली, तळातून पुस्तक काढलं. कव्हर गेलेलं, पानं तांबूस, मागाच्या तेलाचा डाग तसाच. व्याख्या होती, शब्दाला शब्द, कान्याला काना. म्हणजे डोकं शाबूत होतं. म्हणजे गेले होते ते डोळे.

मग ते उखाकडं गेले. उखा त्यांच्या शेजारच्या मागावरचा, आता चहाच्या गाडीजवळ दिवसभर बसलेला. त्याचं सगळं बोलणं कळलं. घरी येताना मात्र लक्षात आलं, की उखा तीस वर्षं गुडघा आणि धाकटी सून याखेरीज कशावर बोललेला नाही. ते कळलं म्हणून काय झालं? टीव्हीवरच्या बातम्या पाहिल्या, त्याही कळल्या, पण खाली अक्षरं पळत होती. जिथं जिथं परीक्षा घ्यावी तिथं अंदाज आधीच हजर. त्यांनी ओट्यावर बसणं बंद केलं. पुष्पाबाईनं पदर सोडून मनसोक्त बोलून घेतलं, तिला कुणी टोकलं नाही.

आणि मग ती गोष्ट मनात आली, जी आल्यावर त्यांना अन्न गोड लागेना. वर्षाच्या ओठांवर दुसरंच काही होतं आणि आपण मात्र मनातलं म्हणून दाखवलं. तसंच दवाखान्यात झालं नसेल कशावरून? शोभाबाई काहीतरी वेगळं बोलली असेल. पाणी मागितलं असेल. गावी न्या म्हणाली असेल. आणि आपल्याला जे हवं होतं ते आपण वाचलं आणि लेकीच्या पदरात घातलं. पंचेचाळीस वर्षं संसार केलेल्या बाईचा शेवटचा शब्द आपण स्वतःच्या मनानं बनवला की काय? आप्पा भिंतीवरच्या फोटोसमोर उभे राहायचे. फोटोत शोभाबाईचे ओठ मिटलेले होते.

तीन रविवार त्यांनी वर्षाला येऊ नको म्हणून कळवलं. चौथ्या रविवारी मायलेकी दोघी आल्या, सकाळीच. सोनालीनं ठरवून आणलं होतं सगळं: डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घेतलेली, आणि आप्पांचे कपडे भरायला रिकामी बॅग. आजपासून कतारगामला चला, एकटं राहायचं नाही. ती हे नेहमीपेक्षा ओठ फाकवून, हातवारे करत सांगत होती, आणि आप्पांना सगळं कळत होतं. पण बॅग दिसल्यावर, आपल्याला ओठ कळताहेत याकडं कुणाचं लक्ष जाणार?

त्यांनी तिला समोर बसवलं. खोटं अंगावर घेऊन लेकीच्या घरी जाऊन राहणं त्यांना जमणार नव्हतं.

"सोनी, मला ओठ कळेनासे झालेत," ते म्हणाले. "कधीपासून ते माहीत नाही. तुझी आई शेवटी जे बोलली, ते मी बरोबर वाचलं का, याची मला आता खात्री नाही."

तिच्या हातातली बॅग खाली टेकली. चेहरा असा झाला, की आप्पांना बोलल्याचा तत्काळ पश्चात्ताप झाला, पण शब्द बाहेर पडला होता. सात महिने ती त्या एका वाक्यावर उभी होती आणि आज बापानंच तिच्या पायाखालची फरशी काढून घेतली. ती खिडकीकडं तोंड करून बसली. तोंड फिरवलं की बहिऱ्या माणसाला काही उरत नाही, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक? तरी तिनं फिरवलं.

वर्षाला दोघांकडं बघवेना. करायचं काय म्हणून तिनं कॉटवर पडलेलं जुनं पुस्तक उचललं आणि चाळायला लागली. तेलाच्या डागाचं पान आपसूक उघडलं. ती वाचत गेली आणि एकदम ताठ झाली. पान घेऊन आजोबांच्या समोर आली, दंडगोलावर बोट ठेवलं आणि विचारलं की तुम्ही त्या दिवशी हे म्हणत होता? हे खरंच पुस्तकात होतं?

होतं म्हणजे? आप्पा चिडलेच. सगळ्या जगाचा किलो त्याच्यावर चालतो.

आता चालत नाही, वर्षा म्हणाली. तिनं मोबाइलवर त्या दंडगोलाची माहिती शोधून वाचली, मग त्यांच्यासमोर गुडघ्यावर बसली आणि सावकाश सांगत गेली. तो दंडगोल आणि त्याच्या नकला शंभर वर्षांनी पुन्हा तोलून पाहिल्या तर त्यांच्यात फरक पडलेला निघाला. अगदी इवलासा, बोटाच्या ठशाइतका. पण चुकला कोण, दंडगोल की नकला, हे सांगायची सोयच नव्हती, कारण दंडगोल असेल तोच किलो. म्हणून जगभरच्या शास्त्रज्ञांनी मिळून सात वर्षांपूर्वी व्याख्या बदलली. आता किलो कुठल्या वस्तूवर नाही, निसर्गातल्या एका न बदलणाऱ्या आकड्यावर ठरतो. दंडगोल आहे अजून तळघरात, काचेखाली. फक्त त्याला आता कुणी विचारायला जात नाही.

आप्पा तिच्या ओठांकडं बघत राहिले. हे सगळं त्यांनी एकही शब्द न चुकता वाचलं होतं, आणि वाचता वाचता त्यांना ते ध्यानातही आलं नव्हतं.

"आजोबा," वर्षा म्हणाली, "पाठ केलेलं नका सांगू. त्या दिवशी माझ्या ओठांवर तुम्हाला काय दिसलं होतं?"

आप्पांना लाज वाटली. वेड्यासारखं वाटेल, काहीच्या बाहीच होतं, असं ते पुटपुटले. पण पोर हलेना. मग त्यांनी डोळे मिटले, कारण ते ओठ त्यांना अजून जसेच्या तसे दिसत होते, आणि एक एक शब्द भीत भीत बाहेर काढला. "प्लँकचा स्थिरांक. सहा पूर्णांक सहा दोन सहा शून्य सात शून्य एक पाच. गुणिले दहाचा उणे चौतिसावा घात. एवढा निश्चित धरून..."

त्यांनी डोळे उघडले. वर्षानं तिचं गुजराती पुस्तक पिशवीतून काढून, पान उघडून, आईच्या मांडीवर ठेवलं होतं. सोनालीचं बोट एकेका आकड्यावरून सरकत होतं आणि शेवटच्या पाचावर येऊन थांबलं. तिला रडू फुटलं होतं. आप्पांनाही उशिरा का होईना उमगलं. पॅरिस मनात असताना, प्लॅटिनम जिभेवर असताना, डोळ्यांनी त्यातलं काही घेतलं नव्हतं. समोर होतं तेवढंच घेतलं होतं, ज्याचा अर्थही कळत नव्हता ते. विश्वास बसला नाही तो आप्पांचा. डोळे बिचारे बरोबरच होते, त्या रविवारी आणि दवाखान्यातही.

बाहेर शेजारच्या खात्यातले माग चालू होते, सोनालीला ते ऐकू येत असणार. तिनं डोळे पुसले, खुर्ची फिरवून बापाच्या अगदी समोर आणली, आणि लहानपणी डबा घेऊन आल्यावर करायची तसं, आवाज न काढता, ओठ मोठे करून विचारलं: आई काय म्हणाली होती?

आप्पा सांगणार होते, तोंड उघडलंही होतं. मग थांबले. आवाज त्यांनी आतच ठेवला. शोभाबाईनं हलवले होते तसे, तितकेच सावकाश, दमलेल्या माणसाचे ओठ त्यांनी हलवले, आणि सोनालीनं ते वाचले. तीस वर्षांत सवय गेली असेल असं तिला वाटलं होतं, पण शब्दाला शब्द आला. पहिल्यांदाच तिला ते कुणी सांगितलं नव्हतं, तिनं आईचं बोलणं स्वतः पाहिलं होतं.

वर्षा दोघांकडं आळीपाळीनं बघत होती. आजोबा काय म्हणाले, तिनं विचारलं.

सोनाली लेकीला जवळ ओढून म्हणाली, "ये, तुला शिकवते वाचायला."